चार दरबार, एक करार

१७८० च्या आरंभी हिंदुस्थानातल्या इंग्रजांविरुद्ध जी जूट जमली, तिच्याइतकी मोठी जूट इंग्रजांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. पुण्याचा पेशवे दरबार, म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजामअली आणि नागपूरकर भोसले असे चौघे एका मसलतीत आले. मसलत नाना फडणिसांची. कागदावर तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पेशव्यांच्या फौजांनी मुंबईकर इंग्रजांना कोकणात आणि गुजरातेत गुंतवावे, हैदरने मद्रासवर चालून जावे, निजामाने पूर्व किनाऱ्यावरच्या उत्तर सरकारांत उतरावे आणि भोसल्यांनी कटकच्या वाटेने बंगाल गाठावा. तिन्ही ठाण्यांवर एकाच वेळी संकट आले, की एकाची कुमक दुसऱ्याला पोहोचणार नाही, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात निजाम घरातून निघालाच नाही. भोसल्यांची फौज कटकला जाऊन बसली आणि पैसे घेऊन परतली. हैदर कर्नाटकात एकटा लढत राहिला, आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंद्यांनी पुण्याच्या वतीने इंग्रजांशी तह केला, त्यात हैदरला कोणी विचारलेही नाही. याचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे स्वार्थ, दुही आणि फितुरी. उत्तर खोटे नाही, पण त्याने उलगडा काहीच होत नाही. स्वार्थ इंग्रजांच्याही घरात तेवढाच होता, आणि ज्या स्वार्थांनी ही जूट मोडली त्याच स्वार्थांनी ती जमवलीही होती. तेव्हा विचारायचे ते असे, की सारखेच स्वार्थी असलेले दोन पक्ष समोरासमोर आले असता एकाच्या घरातला करार टिकला आणि दुसऱ्याच्या घरातला का टिकला नाही.

आधी जूट जमली कशी ते पाहू. पुण्याचे दुखणे राघोबादादांचे होते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी कारभार हाती घेतला, आणि राघोबा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. त्यात साष्टी आणि वसई देण्याच्या बोलीवर इंग्रजांनी राघोबाला गादीवर बसवण्याचे कबूल केले. पुढे पुरंदरचा तह झाला, तोही मुंबईकरांनी पाळला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची फौज कोंडली गेली, शरण आली, आणि तिने लिहून दिलेला करार वरिष्ठांनी झुगारून दिला. बंगालहून निघालेला इंग्रज सेनानी गॉडर्ड फौजेसह सुरतेला पोहोचला, आणि त्याच वर्षी राघोबा महादजींच्या पहाऱ्यातून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. हैदरचे दुखणे वेगळे. १७६९ च्या तहात मद्रासकरांनी त्याला मदतीचे वचन दिले होते. पुढे मराठ्यांनी त्याच्यावर स्वारी केली तेव्हा मद्रासहून एक शिपाई आला नाही. त्यात १७७९ मध्ये इंग्रजांनी माहे घेतले. ज्या बंदरातून हैदरला फ्रेंचांचा दारूगोळा मिळे, तेच गेले. निजामाचा राग गुंटूरवर होता. त्याच्या भावाकडचा, बसालतजंगाकडचा हा मुलूख मद्रासकरांनी परस्पर पदरात पाडून घेतला आणि अर्काटच्या नबाबाला इजाऱ्याने दिला. आणि नागपूरचे मुधोजी भोसले? बंगालची चौथाई अलीवर्दीखानाने १७५१ मध्ये कबूल केली होती आणि इंग्रज ती देत नव्हते, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे.

यांपैकी एकाचेही दुखणे दुसऱ्याच्या दुखण्याशी जुळत नव्हते. राघोबा गादीवर बसला काय आणि न बसला काय, हैदरला त्याचे सोयरसुतक नव्हते. गुंटूर कोणाकडे जाते याची मुधोजींना पर्वा असण्याचे कारण नव्हते. नानांना हे पुरते ठाऊक होते, म्हणून त्यांनी धर्माची किंवा पातशाहीची दुहाई देण्यापेक्षा रोकडा सौदा केला. माधवराव पेशव्यांनी दोन-तीन स्वाऱ्या करून हैदरकडून सोडवलेला कृष्णेच्या दक्षिणेकडचा मुलूख हैदरने पुण्यातल्या गोंधळात पुन्हा गिळला होता. तो त्याच्याकडे राहू द्यायचा आणि वर खंडणीही कमी करायची, हे नानांनी मान्य केले. दक्षिणेतल्या जहागीरदारांना, विशेषतः पटवर्धनांना, हे कडू लागले असणार. पण जोडीदार हवा तर त्याची किंमत मोजावी लागते, एवढा रोखठोक विचार या कारभाऱ्याकडे होता, आणि म्हणून मला ही मसलत भाबडी वाटत नाही.

आता दुसऱ्या घरात डोकावू. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई आणि मद्रासवर देखरेखीचा अधिकार मिळाला होता, पण तो अधिकार धड कोणी मानत नव्हते. सुरतेचा तह मुंबईने कलकत्त्याला न विचारता केला. कलकत्त्याने तो रद्द ठरवून कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवले, तरी मुंबईकरांनी राघोबाला सोडले नाही. गुंटूरचे लफडे मद्रासचे. हैदर चालून येणार हे दिसत असता गाफील राहिले तेही मद्रासकरच. खुद्द कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस यांचे हाडवैर होते. मराठ्यांशी चाललेल्या युद्धाच्या खर्चावरून ते इतके विकोपाला गेले, की १७ ऑगस्ट १७८० रोजी दोघांनी पिस्तुले घेऊन द्वंद्व केले आणि फ्रान्सिस जखमी झाला. हैदर तेव्हा कर्नाटकात शिरलेला होता. मद्रासच्या आसपासची गावे जळत असता बंगालचे दोन प्रमुख कारभारी एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पुण्याच्या दरबारात असे काही घडले असते, तर मराठ्यांच्या नाशाचे कारण म्हणून तो प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकात घातला असता.

शिवाय जूट सुरुवातीला चांगली चालली, हे विसरले जाते. जुलै १७८० मध्ये हैदर ऐंशी-नव्वद हजारांच्या फौजेनिशी घाट उतरला. १० सप्टेंबरला कांचीपुरमजवळ पोल्लिलूरला त्याने कर्नल बेलीची तुकडी जवळजवळ पुरी कापली किंवा कैद केली. बक्सारचा विजेता हेक्टर मन्रो तिथून हाकेच्या अंतरावर होता. त्याने आपल्या जड तोफा कांचीपुरमच्या तळ्यात ढकलल्या आणि मद्रासकडे पळ काढला. इकडे पुण्याची बाजूही शब्दाला जागली. गॉडर्डने डिसेंबरात वसई घेतली, रामचंद्र गणेश त्या मोहिमेत पडले, आणि फेब्रुवारी १७८१ मध्ये गॉडर्ड बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. त्याला लढाईपेक्षा तह हवा होता. नानांचे उत्तर ठाम होते, की हैदरला वगळून बोलणे नाही. गॉडर्ड घाटावर बसून राहिला आणि खाली कोकणात त्याची रसद तुटत गेली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजा त्याच्या पाठीवर होत्या. एप्रिलमध्ये त्याने घाट सोडला, आणि पनवेलपर्यंतच्या माघारीत त्याची साडेचारशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. स्वार्थी माणसे शब्द पाळतच नाहीत, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी हे दोन महिने पाहावेत. नाना हैदरवरच्या प्रेमाने अडून राहिले नव्हते. हैदर कर्नाटकात लढतो आहे तोवर मद्रासहून गॉडर्डला काही मिळणार नाही, हे त्यांना कळत होते. शब्द पाळणे आणि फायदा होणे या दोन गोष्टी त्या दोन महिन्यांपुरत्या एका वाटेने चालत होत्या.

नागपूरला त्या वाटा फुटल्या, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. ऑक्टोबर १७७९ मध्ये मुधोजींनी आपला मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू याला सुमारे तीस हजार स्वारांसह कटकेकडे रवाना केले. पुण्याला कळवायला ही हालचाल पुरेशी होती. पण फौज इतकी रेंगाळत गेली, की ती कटकला पोहोचली मे १७८० मध्ये, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मोहिमेचा मोसम संपल्यावर. हे दिरंगाईचे काम नव्हते. जुटीची बातमी मुधोजींनीच आधी हेस्टिंग्जला पोहोचवली होती आणि आपली फौज केवळ पुण्याला दाखवण्यापुरती निघाली आहे, असे सुचवून ठेवले होते. नागपूरचे दिवाण दिवाकरपंत चोरघडे आणि कलकत्त्याला असलेले वकील बेनीराम पंडित यांच्यामार्फत बोलणी चालूच राहिली. दरम्यान कटकेत फौजेचा पगार तुंबला. तीस हजार घोडी आणि त्यांची माणसे परमुलखात बसवून ठेवणे म्हणजे रोज पैसा जाळणे. पुण्याहून त्यांना दमडी येत नव्हती, लुटायला बंगाल समोर होता. त्याच फौजेच्या तुंबलेल्या पगाराच्या नावाने हेस्टिंग्जने आधी तीन लाख रुपये पाठवले आणि १७८१ च्या वसंतात तेरा लाख रोख व दहा लाखांचे कर्ज असा सौदा पुरा केला. मोबदल्यात चिमणाबापू परत फिरला, आणि कर्नल पिअर्सच्या बंगाली पलटणींना ओरिसातून मद्रासकडे जायला वाट मिळाली. गंजाममध्ये पटकीने त्या पलटणींची दैना केली, तरी ऑगस्टमध्ये त्या इंग्रज सेनापती आयर कूटला जाऊन मिळाल्या आणि हैदरविरुद्ध लढल्या. म्हणजे नागपूरकर नुसते घरी बसले नाहीत. मद्रासला बंगालची कुमक खुष्कीने पोहोचू नये म्हणून ज्या जोडीदाराची योजना होती, त्याच्याच मुलखातून ती कुमक गेली.

मुधोजींना फितूर म्हणून मोकळे होता येते. पण नागपूरच्या गादीवरून पाहिले तर त्यांचा हिशेब समजतो. १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला बरोबर घेऊन नागपूरवर स्वारी केली, शहर जाळले आणि जानोजी भोसल्यांवर कनकापूरचा तह लादला. अवघ्या दहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्याच पुण्याचा हात बळकट करण्यासाठी आपण बंगालवर जीव टाकावा, तर जिंकल्यावर आपल्याला काय मिळणार? पुण्याच्या करारात याचे उत्तर कुठेच नव्हते. इंग्रज बुडाले तर पुणे आणि म्हैसूर वाढणार होते, आणि त्यातले पुणे तर भोसल्यांच्या शेजारचे. उलट हेस्टिंग्ज १७७८ पासून मुधोजींना चुचकारत होता. साताऱ्याच्या गादीवरचा भोसल्यांचा हक्क, पैसा, मैत्री अशी गाजरे त्याने पुढे केली होती. मुधोजींनी पाठीत सुरा खुपसला म्हणण्यापेक्षा, त्यांना बांधून ठेवणारे काहीच नव्हते असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. फौज निघाली का, कुठवर गेली, लढली का, हे पाहायला पुण्याचा माणूस कटकच्या छावणीत अधिकाराने बसलेला नव्हता. ती लढली नाही म्हणून नागपूरवर पाठवायला पुण्याकडे मोकळी फौज नव्हती, आणि लढली असती तर खर्च भागवायला सामाईक खजिना नव्हता. अशा करारात शब्द मोडणे सर्वांत स्वस्त पडते.

हैदराबादची गोष्ट आटोपशीर आहे आणि मला ती पैशाच्या गोष्टीहून महत्त्वाची वाटते. निजामाला हेस्टिंग्जने लाच दिली नाही. त्याने गुंटूर परत केले. मद्रासचा हंगामी गव्हर्नर व्हाइटहिल याने हा हुकूम मानायला नकार दिला, तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलने त्याला निलंबित केले. तो हुकूम घेऊन आयर कूट नोव्हेंबर १७८० मध्ये, पंधरा लाख रुपये आणि गोरे सैन्य गलबतांवर घालून, मद्रासला उतरला. व्हाइटहिल घरी गेला, निजाम गप्प बसला. आपल्याच घरातल्या एका माणसाच्या लोभामुळे शत्रू वाढला आहे हे ओळखून त्या माणसाला पदावरून काढणे इंग्रजांना शक्य झाले. नानांना मुधोजींना नागपूरच्या गादीवरून काढता आले असते का? त्यांना महादजींनाही आज्ञा करता येत नव्हती. महादजी त्यांचे ऐकत, ते पटले तर.

इथे पहिला आक्षेप येतो, की हे सारे बंगालच्या पैशाचे खेळ आहेत आणि कारभाराच्या रचनेचे कौतुक कशाला. आक्षेपात तथ्य आहे. मुंबईला स्वतःचा खर्च भागत नव्हता, मद्रास कर्जात होते, आणि दोघांचे युद्ध बंगालच्या महसुलावर चालले. तो पैसा कसा आला तेही सांगितले पाहिजे. खजिना आटल्यावर हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगावर जादा मागण्यांचा वरवंटा फिरवला. ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसमध्ये उठाव झाला आणि गव्हर्नर जनरलला रातोरात चुनारला पळावे लागले. त्या अडचणीत त्याला लाखभर रुपये देऊ करणारे कोण, तर तेव्हा बनारसला असलेले नागपूरचे तेच वकील बेनीराम पंडित आणि त्यांचा भाऊ. पुढे अवधच्या बेगमांचा खजिना हिसकावला गेला. इंग्रजांच्या सहकार्याची किंमत अशा लोकांनी भरली ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. तरीही पैसा म्हणजे सर्व काही, हे मला पटत नाही. पुण्याच्या सरदारांकडे एकत्र मिळून पैसा कमी नव्हता, आणि एकट्या हैदरचा खजिना भरलेला होता. पण तो खजिना कटकेतल्या स्वारांचा पगार भागवायला जाऊ शकत नव्हता. बंगालचा रुपया मात्र मद्रासच्या शिपायाला मिळत होता. फरक रुपयांच्या राशीत थोडा आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या सोयीत फार.

दुसरा आक्षेप असा, की त्या काळी राष्ट्र ही भावनाच नव्हती, म्हणून जूट टिकली नाही. असे म्हणणारे इंग्रजांकडे ती होती असे गृहीत धरतात. मद्रासच्या कारभाऱ्यांना अर्काटच्या नबाबाच्या कर्जावरचे व्याज प्यारे होते आणि मुंबईकरांना साष्टीचे उत्पन्न. त्यांची देशभक्ती कर्ज वसूल झाल्यानंतर सुरू होई. शिवाय भावना असती तरी तिने हैदर आणि निजाम यांच्यातली मुलखाची तेढ मिटली नसती. एकाच भाषेचे, एकाच छत्रपतींचे नाव घेणारे पुणे आणि नागपूर जिथे एकत्र राहिले नाहीत, तिथे त्याहून विस्तृत भावनेवर विसंबणे ही इतिहासाकडे केलेली अवाजवी मागणी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जूट अयशस्वी ठरली असे म्हणायचेच कशाला? सालबाईने साष्टी गेली, पण वसई परत आली, राघोबांचा प्रश्न महिना पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर कायमचा मिटला, आणि पुढची वीस वर्षे इंग्रजांनी पुण्याशी युद्ध केले नाही. हे सारे खरे आहे. पण तह कसा झाला ते पाहावे. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला रात्रीत शिड्या लावून घेतला, आणि पुढच्या वर्षी कॅमॅकने माळव्यात महादजींच्या फौजेला तडाखा दिला. घरच्या मुलखाला झळ लागताच १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूरशी आपल्यापुरता समेट केला आणि दोन्ही पक्षांत मध्यस्थी करण्याचे पत्करले. सालबाईच्या तहात ते पेशव्यांचे मुखत्यार होते, दोन्ही बाजूंचे जामीनही होते, आणि भडोच त्यांच्या पदरात पडले. हैदरने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडून द्यावा, असे कलम त्यात घातले गेले, म्हणजे कालच्या जोडीदाराला आवरण्याची जबाबदारी पुण्याने घेतली. नानांनी मंजुरी लांबवली. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला चित्तूरजवळ मेला आणि २० तारखेला नानांची मंजुरी झाली. पुण्याला जे मिळाले ते पुण्याने आपल्या सैन्याच्या आणि हैदरच्या लढण्याच्या जोरावर मिळवले. चौघांच्या जुटीने मिळवायचे होते ते, म्हणजे तिन्ही ठाणी एकदम पेचात धरणे, एकदाही घडले नाही. आणि हैदरचा मुलगा टिपू याने त्या कलमाचा विसर पडू दिला नाही. तीन वर्षांत पुणे आणि म्हैसूर पुन्हा एकमेकांच्या मुलखात लढत होते.

याच नानांनी १ जून १७९० रोजी पुण्यातच इंग्रजांशी टिपूविरुद्ध करार केला, निजामही त्यात आला. माणसे तीच, स्वार्थ तेच, पण ही जूट टिकली. जिंकलेला मुलूख तिघांत सारखा वाटायचा हे आधीच लिहून ठेवले होते, तिघे एकाच शत्रूच्या एकाच राज्यात उतरले होते, म्हणून कोण लढतो आणि कोण बसून राहतो हे एकमेकांना दिसत होते, आणि सर्वांत मोठा खर्च इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस उचलत होता. १७९२ मध्ये टिपूचे निम्मे राज्य गेले, त्याच्यावर तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला आणि वाटणी ठरल्याप्रमाणे झाली. नानांच्या बाजूने पाहिले तर हा शहाणपणाचा सौदा होता. त्यातला तोटा असा, की हैदराबाद आणि पुणे यांना इंग्रजांपासून अंतर राखण्यासाठी ज्या तिसऱ्या सत्तेचा उपयोग होत आला होता तीच अर्धी झाली. १७९५ मध्ये खर्ड्याला सगळे मराठे सरदार एकत्र आले ते निजामाविरुद्ध, आणि तीन वर्षांनी तोच निजाम तैनाती फौज घेऊन इंग्रजांच्या पंखाखाली गेला.

१८०३ मध्ये चिमणाबापूचा भाऊ रघूजी भोसले शिंद्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. पेशवे बाजीराव आधीच वसईच्या तहाने इंग्रजांचे झाले होते आणि यशवंतराव होळकर बाजूला थांबले होते. अडगावच्या पराभवानंतर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यात रघूजीने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, आणि इंग्रजांना त्याहून हवा असलेला कटक प्रांतही दिला, कारण बंगाल आणि मद्रास यांच्यामधली खुष्कीची वाट तिथून जात होती. पिअर्सच्या पलटणींसाठी ती एकदा उघडून द्यायला बावीस वर्षांपूर्वी नागपूरने तेवीस लाख घेतले होते. या वेळी मोबदल्याचे कलम तहात नव्हते.